चार फेऱ्यांनंतरची पॅकेटं

सरांना रांगेत उभं राहिलेलं आमच्या कॉलेजात कुणीही पाहिलेलं नाही. प्राचार्यांच्या केबिनबाहेर दोन माणसं बसलेली दिसली की सर उंबऱ्यावरूनच माघारी वळायचे, ग्राउंडला एक पूर्ण फेरी मारायचे आणि पुन्हा दारात हजर व्हायचे. तेव्हाही आत कुणी असलं तर दुसरी फेरी. शिरूरच्या एसटी स्टँडवर दौंडची गाडी लागलेली नसली की फलाटांना फेऱ्या. एप्रिलच्या उन्हातसुद्धा. कंडक्टर लोक त्यांना ओळखायचे. गाडी सुटायच्या आधी एखादा हात करून म्हणायचा, "सर, आता ह्या फेरीला चढा, पुढच्या फेरीला आम्ही नसतोय."

आमच्या लॅबमध्ये कवठे येमाईचे एक आप्पा होते, लॅब असिस्टंट. सर कुठं आहेत विचारलं की आप्पा खिडकीतून ग्राउंडकडे बघायचे. "फेरीवर हाईत. दुसरी चालू झालीया. बसा मॅडम, यत्यालच." आणि हे ते इतक्या सहज सांगायचे, की नवा माणूस आला तरी त्याला वाटायचं, ही कॉलेजची काहीतरी पद्धतच असेल.

मी त्या कॉलेजात लेक्चरर म्हणून लागले ते नव्वदचं दशक संपता संपता. हायवेच्या कडेला, माळावर नुकतंच उठवलेलं इंजिनीअरिंग कॉलेज. भिंतींना अजून पाणी मारत होते आणि वर्ग सुरू झाले होते. मी मूळची केंदूरची, शिरूरला खोली घेऊन राहायचे. आठवड्याला बावीस तास शिकवायचं, वर प्रॅक्टिकल, वर तपासणी समिती येणार म्हणून फायली रंगवायच्या. वयाच्या चोविसाव्या वर्षी मी इतकी दमलेली होते, की आता त्या दिवसांचं आठवायचं म्हटलं तरी पाय दुखतात. त्या सगळ्या शिणवट्यात सर हा एकच माणूस होता, ज्याला आपण हे कशासाठी करतो आहोत ते माहीत होतं. त्यामुळे त्यांचा रागही यायचा.

सरांचा विषय इथं थोडक्यात सांगावाच लागेल, कारण तो कळल्याशिवाय सर कळत नाहीत. फोन असो की इंटरनेट, माहिती काचेच्या तंतूतून प्रकाश होऊन धावते. तिचे लहान तुकडे पाडलेले असतात. त्या तुकड्याला म्हणायचं पॅकेट, आणि प्रत्येक पॅकेटच्या पुढं त्याचा पत्ता. मोठ्या शहराच्या जाळ्यात असे बरेच नाके असतात. प्रत्येक नाक्यावर प्रकाश अडवतात, त्याची वीज करतात, पत्ता वाचतात, विजेचा पुन्हा प्रकाश करतात आणि पुढं सोडतात. सरांचं म्हणणं, हा उपद्व्याप कशाला? पत्ता तेवढा वाचा आणि बाकीचा प्रकाश प्रकाश म्हणूनच जाऊ द्या. अडचण एकच होती. दोन पॅकेटं एकाच क्षणी एकाच वाटेवर आली तर एकानं थांबायला हवं. विजेला थांबवता येतं, साठवून ठेवता येतं. प्रकाश थांबत नाही. सगळ्या जगातले शहाणे लोक तेव्हा तिथंच अडले होते.

सरांचा तोडगा असा, की शहरातलं जाळं बहुतेक वेळा वर्तुळाकार असतं. मग ज्या पॅकेटला वाट मिळाली नाही त्याला थांबवू नका, वर्तुळाला एक फेरी मारायला लावा. ते परत येईल तोवर वाट मोकळी झालेली असेल. नसली तर आणखी एक फेरी. हाच त्यांचा पीएच.डी.चा विषय होता आणि, मला वाटतं, स्वभावही. आधी विषय सुचला की आधी फेऱ्या सुरू झाल्या, ते मी त्यांना विचारलं होतं. त्यावर सर गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, मी आधी स्वतःवर करून बघितलं."

सर दौंडचे. रेल्वे कॉलनीत जन्मले, तिथंच वाढले. वडील यार्डात शंटिंगला होते. पुण्याकडून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली की तिचं तोंड फिरवावं लागायचं, म्हणजे इंजिन पुढून काढून मागच्या टोकाला जोडायचं. सरांच्या अब्बांनी उभी हयात तेच केलं, इंजिन सोडवायचं आणि जोडायचं. तेवढा वेळ गाडीतली माणसं फलाटावर उतरून घाम पुसत बसायची. लहानपणी अब्बांचा डबा घेऊन गेलेले सर ती माणसं बघत राहायचे. "सगळ्या हिंदुस्तानाला आम्ही अर्धा अर्धा तास बसवून ठेवलंय, मॅडम," ते म्हणायचे, जणू काही तो त्यांच्या घराण्याचा अपराध होता. एकदा त्यांनी अब्बांनाच विचारलं होतं, गाडी न थांबवता नाही का चालणार? अब्बा म्हणाले, "गाडी थांबती म्हणून तुझी शाळा चालतीय. जा घरी."

"जे थांबतं ते तापतं," हे सरांचं पेटंट वाक्य. मुळात ते नाक्यावरच्या यंत्रांबद्दल होतं. प्रकाशाची वीज करायची म्हटली की यंत्रं तापतात, त्यांना गार ठेवायला आणखी वीज लागते. पण सर ते कशालाही लावायचे. स्टाफ मीटिंग लांबली की मान वर न करता पुटपुटायचे. प्राचार्य एकदा वर्गाबाहेर उभे राहून त्यांचं लेक्चर ऐकत होते, तर सर आतून हसून म्हणाले, "आत या सर, नाही तर तापाल." प्राचार्यांनी ते बरेच दिवस मनात ठेवलं.

एकदा सर आमच्या केंदूरला आले होते. झालं असं, की आमच्या वावराच्या कडेनं केबलवाल्या कंत्राटदाराचा चर चालला होता, आणि आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो अडवला होता. फ्लॉवरच्या उभ्या पिकातून चर जाणार म्हटल्यावर कोण गप्प बसेल? मी ही गोष्ट जेवणाच्या सुट्टीत सहज सांगितली. सरांनी विचारलं, केबल कोणती? मी म्हटलं, ऑप्टिकल. पुढच्याच रविवारी सर बॅग घेऊन वावराच्या बांधावर उभे. आईनं घाईघाईनं पदर सावरला, तिला वाटलं माझ्या नोकरीचं काही झालं.

सर सरळ चराशी जाऊन उकिडवे बसले आणि तासभर आबांशी बोलले. माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"आत तांबं असतंय ना?" आबांनी विचारलं.

"नाही आबा. काच असते. केसासारखी बारीक."

"काचंतनं बोलणं जातंय?"

"बोलण्याचा उजेड करतात. उजेड जातो."

आबांनी केबलचा तुकडा हातात घेऊन वाकवून बघितला. मग म्हणाले, "आन् दोन उजेडं एका टायमाला आली, तर?"

सर उठून उभेच राहिले. त्यांचा चेहरा असा फुलला, की मी तसा तो नंतर फक्त एकदाच पाहिला. "आबा, मी तीन वर्षं हेच शोधतोय!"

"त्यात काय शोधायचंय? आमच्यात पाण्याची पाळी असती. ह्याचं झालं की त्याचं."

"पाण्याला दार लावता येतं, आबा. उजेडाला दार लावलं की तो विझतो."

आबांनी केबलचा तुकडा चराच्या कडेला ठेवला. म्हणाले, "मग अवघड हाय तुमचं." आणि कंत्राटदाराला त्यांनी चर खणू दिला. फ्लॉवर काढणीला येईपर्यंत पंधरा दिवस थांबा, एवढीच अट घातली. सरांनी ती बोलणी स्वतः केली. थांबा म्हणून दुसऱ्याला विनंती करताना मी त्यांना पाहिलं ते तेवढंच.

माझं एम.ई. सरांमुळे झालं. कागदोपत्री माझे मार्गदर्शक पुण्याच्या कॉलेजातले होते, पण विषय सरांनी दिला, वाचायला सरांनी दिलं, आणि अडलं की लॅबमध्ये फळ्यासमोर येरझाऱ्या घालत सरांनीच समजावलं. माझं काम होतं सरांच्या वर्तुळाचा प्रोग्रॅम लिहिणं. म्हणजे खरं जाळं नाही, कॉम्प्युटरच्या पोटातलं. त्यात मी पॅकेटं सोडायची, ती नाक्यांवर भांडायची, हरलेली फेरी मारायची, आणि शेवटी मी मोजायचं, किती पोचली आणि किती हरवली. दर फेरीला प्रकाश थोडा मंद होतो, एखादं पॅकेट त्यातच हरवतं, म्हणून सरांनी मर्यादा घालून दिली होती. "चार फेऱ्या पुरे, मॅडम. चार फेऱ्यांत ज्याला वाट मिळाली नाही, त्याला काढून टाका." मी तसं लिहिलं.

उत्तरं फार सुरेख आली. जाळ्यावर कितीही गर्दी करा, हरवलेली पॅकेटं अगदी थोडी. सर कागदावर हातानं गणित मांडून बघायचे, तर त्यांच्या गणितात गर्दी वाढली की नुकसान बरंच जास्त यायचं. दोन्हींचा मेळ बसेना. हल्लीचा कुठलाही मुलगा म्हणेल, प्रोग्रॅम तपासा. सरांनी स्वतःचं गणित तपासलं, चार-पाच वेळा. मग हसून म्हणाले, "माझं गणित निराशावादी आहे. तुमचा प्रोग्रॅम जास्त हुशार निघाला." इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते उत्तर समोर आल्यावर त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. यात मी त्यांना दोष देत नाही. मलाही एम.ई. उरकायचं होतं.

माझं एम.ई. झालं. पेढे वाटले. तोच प्रोग्रॅम, तेच तक्ते घेऊन सरांनी त्यांचा प्रबंध उभा केला. आणि तोवर त्यांच्यावर वेळ येऊन ठेपली होती. पीएच.डी.च्या नोंदणीला विद्यापीठानं दोनदा मुदतवाढ दिली होती, आता त्या महिनाअखेरची तारीख शेवटची. इकडे कॉलेजनं सांगून टाकलं होतं, की विभागप्रमुख पीएच.डी.च हवा. सर प्रभारी प्रमुख होते. प्रबंध वेळेत सादर झाला तर पद पक्कं, नाही तर पुण्याहून दुसरा कुणी येणार आणि पन्नाशीला टेकलेल्या सरांनी त्याच्या हाताखाली काम करायचं. त्यांच्या घरी फक्त अम्मी. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, प्रबंध होऊ द्या.

प्रबंधाला शेवटी परिशिष्ट म्हणून कच्चे आकडे जोडायचे होते. आधीच्या तक्त्यांत सगळीकडे हरवलेल्यांचे टक्केच होते. ते काम मी घेतलं. दुपारी लॅबमध्ये बसून नवीन छापील कागदावर रकाने पाडत होते, पाठवलेली, पोचलेली, हरवलेली. उगीच हाताला चाळा म्हणून मी शेवटच्या दोन रकान्यांची बेरीज करून पाहिली. बेरीज पहिल्या रकान्याएवढी यायला हवी. आली नाही. बरीच कमी आली. खालची ओळ पाहिली, तिथंही कमी. गर्दी जितकी जास्त, तितकी तूट मोठी.

चूक सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. चार फेऱ्या झालेली पॅकेटं मी काढून टाकत होते, ठरल्याप्रमाणे. पण काढल्यावर त्यांची नोंद 'हरवलेली'मध्ये करायची, ती ओळच मी लिहिली नव्हती. ती पॅकेटं पोचलेली नव्हती आणि हरवलेलीही नव्हती. ती कुठंच नव्हती. आमचा सगळा चमत्कार त्या नसलेल्या ओळीत होता.

मी कागद पालथा घातला. आप्पांनी विचारलं, "काय वं मॅडम, बरं न्हाई का?" मी म्हटलं, ऊन लागलं.

तीन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. सर त्या दिवसांत इतके खुशीत होते, की प्राचार्यांना आपण होऊन नमस्कार करत होते. चौथ्या दिवशी रविवार होता. मी सकाळची एसटी धरून दौंडला गेले. सर घरी नव्हते. अम्मी ओट्यावर बसल्या होत्या. "ये बेटी, बस. त्यो बाजारला गेलाय." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "पुढल्या महिन्यात त्याचं झालं की मी साऱ्या कॉलनीला शिरखुर्मा घालणार हाय. ईद असू दे नायतर नसू दे."

सर आले. मी कागद पुढं केला आणि एका दमात सांगून टाकलं. त्यांनी खिशातला पेन्सिलीचा तुकडा काढून स्वतः बेरीज केली. मग पुन्हा केली. मग खुर्चीवर बसून राहिले. मला वाटलं, उठतील, बाहेर पडतील, कॉलनीला चार फेऱ्या मारतील. ते हललेच नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाले, "म्हणजे माझं गणित बरोबर होतं."

मी प्रोग्रॅम सुधारून सोमवारी पुन्हा चालवला. गर्दी कमी असताना सरांची पद्धत छान चालत होती. पण गर्दी कमी असताना कुठलीही पद्धत छान चालते. गर्दी वाढली की फेऱ्या मारणारी पॅकेटंच जाळं अडवून बसत होती. हा निकालही लिहिण्यासारखा होता, पण त्यासाठी सगळा प्रबंध नव्यानं मांडायला हवा होता. एक वर्ष तरी. आमच्या हातात नऊ दिवस होते.

तेव्हा मी जे बोलले ते इथं लिहिते आहे, कारण न लिहून आता काय मिळणार आहे? मी म्हणाले, "सर, आहे तसाच देऊन टाकू या. परीक्षक एवढ्या खोलात जात नाहीत. डिग्री हातात आली की सावकाश दुरुस्त करू."

सर चष्मा पुसत होते. म्हणाले, "कुणाच्या लक्षात येणार नाही, हे खरं आहे."

एवढंच. मला वाटलं, त्यांना पटलं. बुधवारी आप्पांनी सांगितलं, "सरांनी अर्ज धाडला. पुस्तक देत न्हाईत म्हणं. तब्येत बरी नसतीया." विद्यापीठाला पाठवलेल्या अर्जात सरांनी कारण लिहिलं होतं, प्रकृती अस्वास्थ्यामुळे. स्टाफरूममध्ये कुणी साखर म्हणालं, कुणी हार्ट म्हणालं. सरांना विचारलं की ते मान हलवून म्हणायचे, "आता बरं आहे."

पुण्याहून नवे प्रमुख आले. सरांनी वर्ष पूर्ण केलं आणि राजीनामा दिला. निरोपाच्या समारंभात प्राचार्यांनी त्यांच्या तब्येतीला शुभेच्छा दिल्या. दौंडला घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायला सुरुवात केली.

पुढच्या चार-पाच वर्षांत विजेवर चालणारी यंत्रं इतकी वेगवान आणि स्वस्त झाली, की प्रकाशाला न थांबवता पॅकेटं फिरवण्याच्या सरांच्या विषयाचं नावच फारसं कुणी काढेना. नाक्यानाक्यावर थांबत थांबत सगळं व्यवस्थित चालू लागलं. मी मात्र टिकून राहिले. एम.ई. होते, सिनिऑरिटी होती, पीएच.डी.चा नियम मधे थोडा सैल झाला होता. पुण्याचे प्रमुख कंटाळून पुण्याला परत गेले आणि ती खुर्ची माझ्याकडे आली. मी ती मागितली नव्हती. नाहीही म्हटलं नव्हतं.

प्रमुख झाल्यावर पहिल्याच वर्षी आमच्याकडे शिकवायला माणूस मिळेना. मी दौंडला सरांकडे गेले, तासिका तत्त्वावर याल का विचारायला. सरांचे केस पिकले होते. खोलीत बाकं, फळ्यावर भिंगाची आकृती. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि हसून नको म्हणाले. "मला आता इथंच जमतं, मॅडम." मग मी इतकी वर्षं विचारायचं राहून गेलेलं विचारलं. तब्येतीचं का लिहिलंत? निकाल चुकीचा आला, असं का नाही लिहिलं?

"निकाल चुकला असं लिहिलं तर कुठं चुकला तेही लिहावं लागतं," सर म्हणाले. "प्रोग्रॅम तुमच्या एम.ई.च्या प्रबंधात छापलेला. तुमची डिग्री होऊन गेलेली. ते सांगायचं तर तुम्ही सांगायचं, मी कशाला?" मग खुर्ची पुढं ओढून अगदी सहज त्यांनी विचारलं, "तुम्ही कळवलंत ना पण? दुरुस्तीचं पान जोडलंत ना? कुणी ते आकडे वापरायला नकोत."

माझा प्रबंध पुण्याच्या त्या कॉलेजच्या ग्रंथालयात जसा दिला तसा होता. एक पानसुद्धा मी त्यात घातलं नव्हतं.

"हो सर," मी म्हणाले. "तेव्हाच कळवलं."

आबांच्या बांधावर फुलला होता तसा सरांचा चेहरा फुलला. कधी, कुणाला, कसं, त्यांनी काही विचारलं नाही. आतल्या दाराकडे वळून, ऐकू कमी येणाऱ्या अम्मींना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले, "अम्मी, चहा टाक. मी सांगत होतो ना, मॅडमनी कळवलं असणार!"

अम्मी चहा घेऊन आल्या. मी तो सगळा प्यायले.